हॅवलॉकला स्कूबा शिकायचं तर: तिथी बघण्यापासून डिक्सन्स पिनॅकलपर्यंत

अंदमानच्या सहलीच्या पत्रकात ‘स्कूबा डायव्हिंग (ऐच्छिक)’ अशी एक ओळ हमखास असते. त्यात एक माणूस मागून तुमच्या पाठीवरचा हवेचा टँक धरतो, वीसेक मिनिटं उथळ पाण्यातून फिरवून आणतो, दोन-चार मासे दाखवतो आणि व्हिडिओ काढून देतो. मजा येते, नाही असं नाही. पण ज्या जागांसाठी लांबलांबून डायव्हर हॅवलॉक बेट गाठतात, त्यांतली एकही या वीस मिनिटांत दिसत नाही. त्या जागा १८ मीटरच्या आसपास सुरू होतात आणि तिथे उतरायला प्रशिक्षण लागतं.

म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच की ‘सगळ्यात भारी साइट कुठली?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी तब्येत, मग कोर्स, मग तारखा. एवढं मार्गी लागलं की त्या दिवशी त्या पाण्यात कुठे जायचं हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

नावांचा घोळ आधीच मिटवू. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवं नाव असलं तरी बोलताना सगळे जुनीच नावं घेतात. खाली मीही जुनीच वापरली आहेत.

१. बघायचंय की शिकायचंय, हे ठरवा

एकदाच अनुभव घ्यायचा असेल तर ‘डिस्कव्हर स्कूबा’ किंवा तत्सम नावाची ओळख-डाइव्ह पुरे. पोहता आलं नाही तरी चालतं, वय किमान १० वर्षं लागतं, आणि खोली १२ मीटरच्या पुढे जात नाही. यात प्रमाणपत्र मिळत नाही. पुढच्या वर्षी परत गेलात की पुन्हा पहिलीपासून.

शिकायचं असेल तर ‘ओपन वॉटर’ हा पाया. थिअरी, पूल किंवा शांत उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह मिळून तीन-चार दिवस जातात. पास झालात की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. ती जगभर चालते आणि तिला मुदत नसते. यासाठी मात्र पोहता यायला हवं: कसलाही आधार न घेता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगणं. वेळ लावत नाहीत, पोहण्याची शैली बघत नाहीत. गावच्या विहिरीत शिकलेलं पोहणंही इथे चालतं.

त्यापुढचा ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणजे आणखी पाच डाइव्ह. त्यांत एक खोल डाइव्ह आणि एक दिशा ओळखण्याची डाइव्ह सक्तीची. यानंतर मर्यादा ३० मीटर होते. ‘ॲडव्हान्स्ड’ हे नाव ऐकून पुष्कळ जण दबकतात, पण ओपन वॉटरला लागूनच तो करता येतो. हॅवलॉकपुरतं बोलायचं तर खऱ्या साइट्सचं दार याच कोर्सने उघडतं. हाताशी आठवडाभर असेल तर दोन्ही एका दमात करा.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी पॅडी बरी की एसएसआय, यावर लोक तासन् तास वाद घालतात. नवख्याला त्याने काडीचा फरक पडत नाही. एकाचं कार्ड दुसरीकडे चालतं. फरक पडतो तो इन्स्ट्रक्टरने.

२. तब्येतीचा फॉर्म घरीच भरा

बहुतेकांची सहल अडते ती इथे. कोर्सच्या आधी एक प्रश्नावली भरावी लागते: दमा, फिट, हृदयविकार, रक्तदाबाची औषधं, कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन, मधुमेह, गरोदरपण. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर जादा प्रश्न असतात. ठरावीक प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर आलं की डॉक्टरांची सही असलेलं ‘डायव्हिंगसाठी योग्य’ असं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर चांगलं सेंटर पाण्यात उतरवत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

हॅवलॉक हे छोटं बेट आहे. सकाळी सात वाजता तिथे सही देणारा डॉक्टर शोधण्यात सुट्टीचा एक दिवस सहज जातो. फॉर्म इंटरनेटवर मिळतो. तो छापून घ्या, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, गरज वाटली तर कान-नाक-घसावाल्यांकडूनही तपासून घ्या.

‘लहानपणी दमा होता, आता काही नाही, कशाला लिहायचं?’ असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. ऐकू नका. पाण्याखाली फुप्फुसात अडकलेली हवा वर येताना फुगते. दहा मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आलात तर पृष्ठभागावर तीच हवा दुप्पट जागा मागते. दम्यात नेमकी हवाच अडकते, म्हणून तो प्रश्न फॉर्मवर आहे.

३. थिअरी आणि पूल जमल्यास इकडेच उरका

पुण्या-मुंबईत थिअरी आणि पूलचा भाग करून देणारे इन्स्ट्रक्टर आहेत. एवढं इथे करून समुद्रातल्या चार डाइव्ह अंदमानात केल्या तर तिथले दोन दिवस वाचतात. त्यासाठी ‘रेफरल’चं पत्र घ्यायचं, आणि हॅवलॉकच्या सेंटरला आधी विचारून ठेवायचं. शनिवार-रविवार पूलमध्ये घालवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढायची भीती घराजवळच मोडते.

पैसे घालवण्याआधी मन आजमावायचं असेल तर तारकर्ली जवळ आहे. एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था तिथे आहे आणि मालवणला ओळख-डाइव्हही होतात. पाणी अंदमानाइतकं स्वच्छ नसतं, हे मान्य. पण गढूळ पाण्यात न घाबरणारा माणूस हॅवलॉकला बिनघोर शिकतो.

४. तारखा: मोसम, तिथी, विमान

मोसम ऑक्टोबर ते मे. त्यातही जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात. जून ते सप्टेंबर पाऊस आणि खवळलेला समुद्र यांमुळे कधी बोटीच सुटत नाहीत. पाणी बारा महिने कोमट, २७ ते ३० अंशांच्या आसपास, त्यामुळे पातळ वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) पुरतो. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत इन्स्ट्रक्टरांवर इतका ताण असतो की शिकायला ते दिवस टाळलेले बरे.

आता पत्रकात कोणी सांगत नाही अशी गोष्ट. तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, आणि त्यामुळे खोल साइट्सवर करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, जोरात वाहतो. अष्टमीच्या सुमारास, कोकणात ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, पाणी मवाळ असतं. पहिल्यांदाच जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स या खोल साइट्सना जाणार असाल तर तो दिवस भांगात पडेल असं बघा. कोळ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं.

विमानाचा नियम पक्का आहे: एकच डाइव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास मोकळे हवेत. मी २४ धरायला सांगतो. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच उंचावरच्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होतात, आणि त्याने सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. गंमत म्हणजे डाइव्हसाठी पॅकेजवाल्यांचा सगळ्यात आवडता दिवस शेवटचा: सकाळी डाइव्ह, दुपारी बोट, संध्याकाळी विमान. अशी यादी हातात आली तर बदलून घ्या. हॅवलॉक आधी करा. सेल्युलर जेल, रॉस बेट आणि खरेदी शेवटाला ठेवा.

५. कागद आणि सामान

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स. बोटीच्या तिकिटाला लागतं. भारतीयांना हॅवलॉकसाठी वेगळा परवाना लागत नाही. परदेशी पासपोर्टवरचे नातेवाईक सोबत असतील तर त्यांनी नोंदणीचे नियम निघण्याआधी तपासावेत.
- भरलेला आरोग्य फॉर्म आणि लागत असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र.
- आधीचं डायव्हिंग कार्ड आणि लॉगबुक (डाइव्हची नोंदवही) असेल तर ते.
- विमा. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा अमुक खोलीपर्यंतच धरलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा खास विमा मिळतो.
- स्वतःचा मास्क. बाकी सगळं भाड्याने मिळतं, पण मास्क चेहऱ्याला बसला पाहिजे. दुकानात तो पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर घ्या. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून मिळते. मिशीवाल्यांनी नाकाखालची पट्टी थोडी कातरावी, नाहीतर तिथून पाणी झिरपत राहतं. मिशी प्राणप्रिय असेल तर व्हॅसलीन.
- बोट लागते अशांनी उलटीची गोळी. ती घरी एकदा घेऊन बघा, कारण काही गोळ्यांनी सुस्ती येते. घेतली असेल तर इन्स्ट्रक्टरला सांगा.
- रोख पैसे. बेटावर एटीएम मोजकी आहेत आणि गर्दीत रिकामी होतात. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, तेव्हापासून इंटरनेट सुधारलं आहे, तरी सगळं मोबाइलच्या भरवशावर ठेवू नका.
- रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा पूर्ण बाह्यांचा अंगाला चिकटणारा शर्ट. उन्हापासून वाचायला सनस्क्रीन थापण्यापेक्षा हा बरा. प्रवाळालाही बरा.

६. पोहोचणं आणि सेंटर निवडणं

वीर सावरकर विमानतळावर उतरलात की पुढचा टप्पा बोटीचा. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी हॅडो जेट्टीवरून. खासगी बोटीला साधारण दीड-दोन तास लागतात. सरकारी बोट स्वस्त आणि संथ, आणि तिच्या डेकवर वाऱ्याला उभं राहता येतं. तिकीट आधी काढा. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या बोटीत आणि विमानात एक रात्र मोकळी ठेवा.

बेटावर घड्याळ विसरा. आपलंच भारतीय घड्याळ, पण सूर्य पहाटे पाचच्या सुमारास वर आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाचला मावळतीला. डाइव्ह बोटी सकाळी लवकर निघतात. रात्री जागून सकाळी डाइव्ह हा बेत चालत नाही, आणि आदल्या रात्रीच्या दारूने तर अजिबातच नाही.

वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून फाळणीनंतर येऊन वसलेल्या कुटुंबांची. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर. जेवणात भात आणि मासे, पण शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत.

सेंटर जेट्टीवरच्या दलालाकडून ठरवू नका. स्वतः जा आणि पुढचं विचारा:

एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? चारच्या वर असतील तर मी दुसरीकडे जाईन. बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि तो वापरता येणारा माणूस आहे का? इन्स्ट्रक्टरचा क्रमांक काय? तो पॅडी किंवा एसएसआयच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि विचारल्यावर चांगला इन्स्ट्रक्टर चिडत नाही. हवा बिघडली तर पैसे परत की दुसरा दिवस? काही दुर्घटना झाली तर कुठे नेणार? दाबाच्या आजारावर (वर सांगितलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर) उपचार करणारं चेंबर हॅवलॉकवर नाही. त्यासाठी पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या रुग्णालयात न्यावं लागतं. या प्रश्नाला थेट उत्तर देणारं सेंटर निवडा.

आणि टँकमधली हवा वास घेऊन बघा. रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीच्या उपकरणातून, दोन श्वास घ्या. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर टँक बदलून मागा, संकोच नको.

७. पहिले दोन दिवस: नीमो रीफ

शिकण्याची सुरुवात बहुधा किनाऱ्याजवळच्या नीमो रीफवर होते. वाळूचा तळ, मध्ये मध्ये खडक, खोली दहा-बारा मीटरच्या आत. भरतीला किनाऱ्यावरून चालत आत जाता येतं. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की टँक पाठीवर घेऊन खडकाळ चिखलातून तंगडतोड करावी लागते, म्हणून वेळ भरती पाहून ठरते.

इथे तीन गोष्टी अंगी बाणवायच्या.

पहिली, कान. दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो वरच्या दहा मीटरमध्येच: पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो. पुढच्या दहात दीडपटच. म्हणून नवख्यांचे कान तीन-चार मीटरवरच ठणकतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि हे दुखायच्या आधीपासून, दर मीटरला करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावलात तर पडदा फाटू शकतो. कान उघडत नसेल तर एक मीटर वर या, पुन्हा बघा. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. बंद नाकाचं औषध घेऊन उतरणं हा सापळा आहे, कारण त्याचा असर खाली असताना संपला तर वर येताना हवा कोंडते.

दुसरी, श्वास. कधीही रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून काढायचा सराव करतानाही बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

तिसरी, तरंगणं. इंग्रजी नाव बॉयन्सी, आणि खरं डायव्हिंग हेच. फुप्फुस भरलं की अंग किंचित वर येतं, रिकामं केलं की किंचित खाली. हे एकदा जमलं की हात हलवायची गरज उरत नाही. हातांनी वल्हवणारा डायव्हर हवा लवकर संपवतो आणि आजूबाजूचं प्रवाळ मोडतो. इन्स्ट्रक्टर पुढच्या धड्याकडे नेत असला तरी ‘अजून दहा मिनिटं तरंगायचा सराव द्या’ असं सांगा.

खुणांमध्ये एक गफलत नवखे हटकून करतात. मासा बघून खूश झाले की अंगठा वर करतात. पाण्याखाली वर अंगठा म्हणजे ‘मला वर जायचंय’. इन्स्ट्रक्टर बिचारा तुम्हाला घेऊन वर निघतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

नीमो रीफला नाव ज्यावरून पडलं ते नारिंगी-पांढरे क्लाउनफिश इथे खरोखर आहेत, समुद्रफुलाच्या झुलत्या दोऱ्यांत. फार जवळ गेलात तर बोटभर लांबीचा मासा पुढे येऊन तुमच्या मास्कवर धडका देतो.

८. मग साइट्स, या क्रमाने

हॅवलॉक ज्या बेटसमूहात आहे त्याचं नाव रिचीज आर्किपेलागो. हॅवलॉक, नील, औट्रम, हेन्री लॉरेन्स, निकल्सन ही सगळी १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या किंवा त्यात लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावं. आणि यांतल्याच काही बेटांभोवती जे सागरी राष्ट्रीय उद्यान केलं, त्याला नाव दिलं राणी झाशीचं. ज्याने हे सुचवलं त्याला सलाम.

लाइटहाउस आणि ॲक्वेरियम. ओपन वॉटरच्या समुद्रातल्या डाइव्ह अशा साइट्सवर होतात. उतरता तळ, पाच-सहा मीटरपासून अठरा-वीसपर्यंत. उथळ असल्याने उजेड भरपूर, रंग शाबूत, माशांची रेलचेल. अंदमानात २०१० साली पाणी तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं आणि उथळ भागाला त्याची सगळ्यात जास्त झळ बसली. त्यामुळे काही ठिकाणी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पसरलेले दिसतील, आणि त्यांतूनच वर आलेली नवी फांदीही. ‘जाहिरातीत वेगळं होतं’ म्हणून हिरमुसू नका.

लाइटहाउसला रात्रीची डाइव्ह जरूर करा, पण ओपन वॉटर पुरा झाल्यावर. दिवसा कपारीत दडलेले शेवंड आणि खेकडे रात्री बाहेर पडतात. गाइडने खूण केली की टॉर्च छातीशी दाबून धरायचा आणि हात हलवायचा. बोटांमागे निळसर ठिणग्या उठतात. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की चमकतात. अमावस्येला हे जास्त ठळक दिसतं.

द वॉल. जेट्टीपासून जवळ, बोटीने थोडक्यात. दहा मीटरच्या आसपास माथा आणि तिथून सरळ खाली जाणारी खडकाची भिंत, नवख्यांच्या मर्यादेच्या पार खाली. धोका इथेच आहे: पायाखाली तळ नसल्याने खोली लक्षात येत नाही. नजर भिंतीवर असते आणि आपण नकळत २२ मीटरवर पोहोचलेलो असतो. दर मिनिटाला मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं उपकरण) बघा. बघण्यासारखं बारीकसारीक आहे: मऊ प्रवाळाच्या फांद्या, नखाएवढ्या रंगीत गोगलगायी, रंग बदलणारे ऑक्टोपस, आणि दगडाचं सोंग घेऊन बसलेला विषारी स्कॉर्पिअनफिश. याच्यासाठीच नियम, की कशालाही हात टेकायचा नाही. खोलीवर लाल रंग पाणी शोषून घेतं, सगळं निळं-करडं दिसतं. टॉर्च मारा; मळकट वाटणारा झुपका एकदम लालभडक होतो. वॉलला टॉर्च न घेता जाणं म्हणजे अंधारात पैठणी बघणं.

डिक्सन्स पिनॅकल. इथून पुढे ॲडव्हान्स्ड लागतो. समुद्रतळातून वर आलेले तीन सुळके, माथा सोळा-अठरा मीटरवर, पायथा तिसाच्या पलीकडे. बोटीने तासाभराच्या वर लागतो, बाहेरचा समुद्र, वरून खाली काहीच दिसत नाही. दोरी धरून निळ्यात उतरायचं. नुसत्या ओपन वॉटरच्या कार्डावर ‘चला, माथ्यापर्यंत जाऊन येऊ’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, कारण करंटने दहा मीटर खाली ढकललं तर तुमच्याकडे त्याचा सराव नसतो. माथ्यावर बॅटफिशचे थवे अंगाजवळ येतात, कडेने कुपा (ट्यूना) सुसाटत जातो, कपारीत हेकरू (सापासारखा मोरे ईल मासा) तोंड उघडून बसलेला असतो.

जॉनीज गॉर्ज. साधारण तेवढीच खोली, वाळूवर विखुरलेले मोठे खडक. पांढऱ्या टोकाच्या मोऱ्या (शार्क) खडकाखाली निजलेल्या सापडण्याची शक्यता इथे चांगली. त्या माणसाला बघून उठून जातात, भीती त्यांनाच वाटते. तांबोशीच्या जातीच्या माशांची दाटी इतकी की पलीकडचा जोडीदार दिसेनासा होतो. कोकणातल्या माणसाला इथे भूक लागली तर त्याला दोष देता येणार नाही. डिक्सन आणि जॉनी ही दोन्ही नावं स्थानिक कॅरेन डायव्हरांची. कॅरेन हे ब्रह्मदेशातून १९२५ मध्ये मध्य अंदमानात येऊन वसलेले लोक, आणि हा समुद्र त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नाही. बोटीवर कॅरेन गाइड असेल तर त्याच्या मागे मागे राहा, तो कुठे बघतो तिकडे बघा.

जॅक्सन्स बार हीसुद्धा खोल साइट, वाळूत पुरून बसलेली पाकटं बघण्यासाठी. नीलकडे जंक्शन नावाची साइट आहे, तीही खोल आणि करंटची. वेळ कमी असेल तर या दोन्ही वगळून डिक्सन्सला दोनदा जा.

वर येताना वाटेत सक्तीने थांबावं लागू नये म्हणून खाली राहण्याची मर्यादा तीस मीटरवर साध्या हवेवर साधारण २० मिनिटांची असते, १८ मीटरवर ती ५६ मिनिटांची. हे तक्त्याचे आकडे, प्रत्यक्षात कॉम्प्युटर सांगेल ते प्रमाण. शिवाय तिसाच्या आसपास काहींना नायट्रोजनची झिंग चढते: उगाच हसू येतं, आकडे वाचायला वेळ लागतो. तसं वाटलं की चार-पाच मीटर वर या, लगेच उतरते.

९. पाण्यात पाळायच्या गोष्टी

उतरण्याआधी जोडीदाराची उपकरणं तपासायची आणि त्याने तुमची. रोजच्या सवयीने लोक हे टाळतात. टँकची झडप पूर्ण उघडी आहे का, हे स्वतः हात लावून बघा.

टँकमधला हवेचा दाब २०० बारवरून (बार हे दाबाचं एकक) सुरू होतो. अर्धा झाला की गाइडला खूण करा, आणि ५० बार शिल्लक असताना बोटीवर असायला हवं. वर येताना आपल्याच लहान बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, कंटाळा आला तरी.

टायटन ट्रिगरफिश हे नाव लक्षात ठेवा. हातभर लांब, दणकट दातांचा. एरवी सरळ, पण वाळूत घरटं केलेलं असताना अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी पसरते, म्हणजे वर पळालात तर अजून त्याच्याच हद्दीत. फिन्स (पायातली वल्ही) त्याच्याकडे करून आडवं दूर जायचं. मोरीला घाबरणारे पुष्कळ भेटतात, पण अनुभवी गाइड वळसा घालतात तो याला.

खारफुटीच्या खाड्यांच्या आसपास मगरींच्या सूचनेच्या पाट्या आहेत. तिथे हौस म्हणून पोहायला उतरू नका.

१०. निघताना

शेवटची डाइव्ह आणि विमान यांतला वेळ पुन्हा मोजा, या वेळी कागदावर. लॉगबुकात रोजच्या रोज साइट, खोली, वेळ, खाली जाण्यासाठी अंगावर शिशाचं वजन किती लावलं ते लिहा आणि सेंटरचा शिक्का घ्या. किती किलो वजन लागलं हा आकडा पुढच्या खेपेला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

किनाऱ्यावरचे शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, मेलेले असले तरी. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात. प्रकरण वाढलं तर विमानही चुकतं. मुलांचे खिसे आणि वाळूने भरलेल्या चपलांची पिशवी आदल्या रात्रीच बघून घ्या.